पाणथरीचा रकाना

दक्षिण गडचिरोलीतल्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझ्या नोकरीची अकरा वर्षे गेली, तेथे मी रुजू झालो त्याच दिवशी एका जुन्या आरोग्यसेवकाने मला जी विद्या शिकवली, ती महाविद्यालयात मी परीक्षेपुरती शिकलो होतो आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. रुग्णाला उताणे निजवावे, गुडघे दुमडायला सांगावे, आपला उजवा हात त्याच्या बेंबीच्या खाली उजव्या अंगाला ठेवावा आणि तो श्वास घेईल तसतसा डाव्या बरगडीच्या दिशेने हळूहळू सरकवत न्यावा; बरगडीखालून एखादी टणक, गोलसर कड बोटांच्या टोकांना येऊन भिडली की ती बोटांनीच मोजावी: एक बोट, दोन बोटे, चार बोटे. निरोगी माणसाची पाणथरी अशी हाताला लागत नाही. ती बरगड्यांच्या आड राहून आपले काम करीत असते. हिवतापाने वरचेवर पछाडलेल्या माणसाची मात्र ती वाढते, जड होते आणि पोटात उतरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, हिवतापाचा जंतू अद्याप कोणी पाहिलाही नव्हता त्या काळी, डेम्प्स्टर नावाच्या एका डॉक्टरने यमुनेच्या कालव्याकाठच्या गावांतून लोकांची पोटे चाचपून कोणत्या गावात हा रोग किती मुरला आहे याचा अंदाज बांधला होता. आणि इतक्या वर्षांनंतर, रक्ताचा एक थेंब टाकताच पंधरा-वीस मिनिटांत निकाल सांगणाऱ्या पट्ट्या हाताशी असतानाही, आमच्या मुलखात डॉक्टरचा हात पहिल्यांदा पोटाकडेच जात असे.

हा मुलूख रानाचा आणि पाण्याचा आहे. भामरागडपाशी इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात आणि भर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले म्हणजे पलीकडची गावे दिवसच्या दिवस तुटून राहतात. वस्ती बहुतांशी माडिया गोंडांची, विरळ आणि रानात विखुरलेली. भाताच्या बांध्यांत आणि डोंगरातून झिरपणाऱ्या ओढ्यांत डास वाढतात, आणि हिवतापाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी जो प्राणघातक, तो फॅल्सिपेरम, आमच्या भागात अधिक. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात दरसाल ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, डीडीटीच्या फवारणीने रोग इतका हटला की तो आता संपलाच असे लोक बोलू लागले, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. ही कथा आम्ही नव्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम सांगत असू. कारण हिवतापावरची नजर एक हंगाम जरी ढळली, तरी तो मागच्या दाराने परत येतो, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी आमच्या तोंडून ऐकावे असे आम्हांला वाटे.

२०२० साली नजर ढळली. ती ढळण्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पंधरा दिवसांनी घरोघर फिरून तापकऱ्यांच्या काचपट्ट्या घेणारे आरोग्यसेवक कोरोनाच्या सर्वेक्षणावर तैनात झाले. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शक झाकून ठेवून नाकातले नमुने घेण्याच्या मांडवात उभा राहिला. मच्छरदाण्यांच्या वाटपाचे वेळापत्रक दप्तरात पडून राहिले. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आमच्याकडची माणसे टाळेबंदीत अडकली आणि रानातून पायी चालत घरी परतली. काही गावांनी वाटेवर झाडे आडवी पाडून बाहेरच्यांना मज्जाव केला, आणि त्या बाहेरच्यांत आम्हीही आलो. ताप आला असे सांगितले तर गाडी येते आणि माणसाला घेऊन जाते, ही बातमी आमच्या आधी गावात पोचलेली असल्यामुळे लोक ताप लपवू लागले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला तेव्हा कळले, की त्या एका वर्षात जगभरात हिवतापाचे रुग्ण आदल्या वर्षापेक्षा सुमारे १ कोटी ४० लाखांनी आणि मृत्यू सुमारे ६९ हजारांनी वाढले, आणि त्या वाढीव मृत्यूंपैकी दोन तृतीयांश मृत्यू निदान, उपचार आणि प्रतिबंधाच्या कामात पडलेल्या खंडामुळे ओढवले. तो अहवाल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या केंद्राच्या कोपऱ्यातला, कापडाखाली झाकून ठेवलेला सूक्ष्मदर्शक उभा राहिला.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावे अशी शिफारस झाली: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि पुढे सात आठवडे आठवड्यातून एकदा. मीही ते घेतले. हिवतापाच्या जुन्या औषधाचे हे भावंड कोरोनावर रामबाण ठरेल या आशेने शहरांतल्या दुकानांतून ते नाहीसे झाले होते. आणि आमच्या भागातल्या फॅल्सिपेरमने त्याच्या थोरल्या भावाला, क्लोरोक्विनला, केव्हाच दाद देणे सोडले होते. जूनच्या आरंभी इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीने त्याचा कोरोनाच्या रुग्णांना उपयोग होत नाही असे दाखवले, तेव्हा माझ्या पुड्यातल्या तीन गोळ्या शिल्लक होत्या.

आता ज्या मुलीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

भाद्रपदातले दिवस होते. पाऊस थांबत नव्हता. सुमारे एकोणीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर अशी एक माडिया मुलगी, तिची आई आणि गावची आशाताई अशा तिघीजणी चिखलातून दहा-बारा किलोमीटर चालत केंद्रावर आल्या. मुलीला चार दिवस ताप होता, डोके दुखत होते, अंग मोडून आले होते, थोडा खोकला होता. त्या दिवसांतल्या शिरस्त्याप्रमाणे तिला आधी बाहेरच्या मांडवात बसवले, नाकातला नमुना घेतला आणि अँटिजेनच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मी सर्वांगाला प्लास्टिकचा पोशाख घालून, दुहेरी हातमोजे चढवून, दोन-तीन हातांवर उभा होतो. चेहऱ्यावरच्या पारदर्शक पडद्यावर माझ्याच श्वासाची वाफ साचत होती. आशाताईंकडच्या हिवतापाच्या किट संपल्या होत्या आणि नव्या किट पुरामुळे वाटेत अडकल्या होत्या. मुलीची आई आशाताईंशी बराच वेळ माडियात काही बोलत होती. शेवटी आशाताई माझ्याकडे वळल्या.

"साहेब, हिची माय म्हणते, पोटात गोटा आहे. डाव्या अंगाले. हात लावून पाहा ना जी."

"ताई, चाचणी पॉझिटिव्ह आली आहे," मी म्हणालो, "कारण सापडलं. आता गाडी येईपर्यंत तिला तिथंच बसू द्या."

हे वाक्य मी किती सहजपणे उच्चारले, हे आज आठवले की मन विषण्ण होते. गोटा! पाणथरीसाठी याहून नेमका शब्द कोणत्या वैद्यकाच्या ग्रंथात सापडेल? जी विद्या मला आरोग्यसेवकाने शिकवली होती, ती त्या आईने आपल्या हातांनी आपल्या मुलीच्या पोटावर वापरली होती. निदान तिने केले होते आणि केवळ दुजोऱ्यासाठी ती माझ्यापर्यंत चालत आली होती. मी तिच्या मुलीची तालुक्याच्या गावी, आश्रमशाळेच्या वसतिगृहात उघडलेल्या कोरोना केंद्राकडे रवानगी केली आणि दप्तरात नोंद केली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिला आकडी आली आणि शुद्ध हरपली. निरोप मिळताच मी गाडी काढून निघालो. सोबत तंत्रज्ञाला घेतले, आणि तो झाकून ठेवलेला सूक्ष्मदर्शक मांडीवर घेतला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, जेथे विजेचा दिवा बरा होता, तेथे आम्ही तो मांडला. तंत्रज्ञाने तिच्या बोटातून रक्त घेऊन एका काचपट्टीवर जाड आणि पातळ असे दोन्ही थर काढले होते. जाड थर पाण्यात बुडवला म्हणजे तांबड्या पेशी फुटतात, रंग उतरतो आणि मागे राहतात ते पांढऱ्या पेशींचे केंद्रक आणि जंतू असले तर जंतू. मग निळ्या रंगात बुडवणे, धुणे, सुकवणे. त्या दिवशी दमट हवेत काचपट्टी सुकता सुकेना. तंत्रज्ञ ती चुलीच्या जवळ, पण फार जवळ नाही, अशी धरून उभा राहिला, कारण उष्णतेने थर काचेला चिकटून बसला तर पेशी फुटत नाहीत आणि सारा खटाटोप वाया जातो. अखेर त्याने तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली उतरवले, आणि डोळा लावताच काही न बोलता बाजूला सरकून मला जागा करून दिली.

पातळ थरात एकेका तांबड्या पेशीत एक, कोठे दोन, कोठे तीन अशी नाजूक कडी दिसत होती. निळ्या तारेच्या वर्तुळात तांबडा खडा बसवलेली, काही ठिकाणी दोन खडे असलेली, काही पेशीच्या अगदी काठाला चिकटलेली. फॅल्सिपेरमची ही ओळख एकदा डोळ्यांत बसली की चुकत नाही. मी मोजायला लागलो आणि काही वेळाने मोजणे सोडून दिले.

त्यानंतर मी तिच्या पोटाला हात लावला. पाणथरी चार बोटे होती.

आर्टेसुनेटचे इंजेक्शन वजनाच्या दर किलोमागे २.४ मिलिग्रॅम या मापाने लगेच दिले, मग बारा तासांनी, मग चोवीस तासांनी आणि पुढे रोज एकदा. रक्तातली साखर तपासली. ती फार खाली गेली होती. गंभीर हिवतापात, विशेषतः गरोदर बाईत, साखर अशी घसरते आणि ती न पाहिल्यास बेशुद्धीचे कारण भलतीकडेच शोधले जाते. ग्लुकोज दिले. आधाराला एक रुग्णवाहिका होती आणि पुढची वाट पुराच्या पाण्याखाली होती, म्हणून तिला हलवता आले नाही. जे करायचे ते त्या वसतिगृहात करावे लागले. दुसऱ्या रात्री तिने डोळे उघडले. तिचा गर्भ मात्र वाचला नाही.

मी पुष्कळदा मनाशी उलटतपासणी केली आहे. तापाचे कारण शोधताना सापडलेल्या पहिल्या कारणावर थांबण्याची ही सवय मला कोठून लागली? महाविद्यालयात आम्हांला शिकवले होते की सर्व लक्षणांचा उलगडा एकाच रोगाने होत असेल तर दोन रोगांची कल्पना करू नये. आपल्या न्यायशास्त्रकारांनीही लाघव हा कल्पनेचा गुण मानला आहे. थोड्याने भागते तेथे अधिकाची कल्पना हा त्यांच्या लेखी गौरवदोष. तर्कशास्त्रात हा नियम शोभतो. ज्या प्रदेशात बारा महिने घराघरांत हिवताप नांदतो, तेथे साथीचा दुसरा रोग आला म्हणून पहिल्याने घर सोडलेले नसते. आमच्याकडे प्रश्न 'हिवताप की कोरोना' असा नव्हताच, आणि आम्ही मात्र त्या सहा-सात महिन्यांत तो तसाच विचारीत होतो. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोरोनासोबत डेंग्यू, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस असे हंगामी रोग एकाच माणसाला होऊ शकतात, एक सापडला म्हणून दुसरा नाही असे समजू नये, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. परिपत्रक माझ्या टेबलावर आले तेव्हा ती मुलगी आपल्या गावी परतून तीन आठवडे झाले होते.

या दोन रोगांची लक्षणे एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे ज्याने दोन्ही एकाच खाटेवर पाहिले आहेत त्यालाच पुरते उमगते. ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी, उलटी, जुलाब, थकवा हे दोघांचे सामाईक. रक्ताचे अहवाल आणखी गोंधळ घालतात: फेरिटिन, सीआरपी, एलडीएच, डी-डायमर ही मोठमोठ्या शहरांत कोरोनाच्या गांभीर्याची म्हणून पाहिली जाणारी मापे हिवतापातही चढलेली असतात. प्लेटलेट फार उतरल्या असतील तर हिवतापाचा संशय धरावा. वास गेला असेल तर कोरोनाचा. डोळे पिवळे दिसले, लघवी काळपट झाली तर पुन्हा हिवतापाचा. पण हे सारे कल दाखवणारे काटे आहेत, न्यायनिवाडा करणारे नव्हेत. फुप्फुसांत पाणी भरून श्वास लागणे हे आपण कोरोनाचे खास लक्षण समजतो, आणि गंभीर हिवतापातही तेच घडते, कित्येकदा तर औषध सुरू होऊन रक्तातले जंतू कमी होत असताना घडते. अशा वेळी खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरने कोणत्या रोगाच्या नावाने घाबरावे?

मे २०२१ मधली गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. दुसरी लाट शहरांतून उतरून आमच्या रानात शिरली होती आणि नेमका तेंदूपत्त्याचा हंगाम होता. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, पुड्यांचा हिशेब ठेवणारा एक दिवाणजी, पन्नाशीचा, तापाने आला. आशाताईंनी केलेल्या किटवर फॅल्सिपेरमची रेघ ठळक उमटली होती. त्या एका रेघेवर विसंबून त्याला घरी पाठवणे सोपे होते, कारण आता आम्ही हिवतापाला चुकणार नाही असा आम्हां सर्वांचा कटाक्ष झाला होता. त्याला खाटेवर निजवून पोट पाहिले. पाणथरी लागत नव्हती. विचारपूस केली तेव्हा त्याने खिशातून गोळ्यांचे एक रिकामे पाकीट काढून दाखवले: तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या गावी त्याला हिवतापाचा पूर्ण उपचार मिळाला होता. फॅल्सिपेरमच्या किटवर जे प्रथिन पकडले जाते ते जंतू मेल्यानंतरही कित्येक आठवडे रक्तात रेंगाळते. विस्तव विझला तरी चुलीतली राख ऊन राहते तसे. काचपट्टी पाहिली, तंत्रज्ञाने शंभर क्षेत्रे तपासली, जंतू एकही नाही. बोटाला लावलेला ऑक्सिजनमापक ८८ दाखवत होता. नाकातला नमुना पॉझिटिव्ह आला. त्याला एकच रोग होता, आणि तो किटने दाखवलेला नव्हता. ऑक्सिजन लावून, डेक्सामेथासोन सुरू करून त्याला पुढे रवाना केले. पंधरा दिवसांनी तो चालत परत आला, तेव्हा हंगाम संपून फळी उठून गेली होती आणि त्याचा हिशेब दुसऱ्याच कोणी पुरा केला होता.

किटची रेघ असून हिवताप नसतो, तसे काचपट्टीवर जंतू असूनही ताप त्याचा नसणे हेही शक्य असते. लहानपणापासून वर्षानुवर्षे हिवताप सोसलेल्या प्रौढ माणसाच्या रक्तात थोडे जंतू असले तरी त्याला ताप येतोच असे नाही. तो शेतात नांगर धरून उभा असतो. अशा माणसाला कोरोना झाला आणि आम्ही काचपट्टी पाहिली, तर जंतू सापडतील, आणि सापडलेला जंतू आरोपी आहे की केवळ घटनास्थळी हजर असलेला शेजारी, हे ठरवायला सूक्ष्मदर्शक पुरा पडत नाही. मी ठरवून घेतले ते इतकेच, की जंतू दिसला तर त्याचे औषध द्यायचे, आणि औषध दिले म्हणून शोध थांबवायचा नाही.

सगळ्यांत कठीण प्रसंग त्या वर्षीच्या आषाढात आला. पस्तिशीचा एक वनरक्षक, सात दिवस तापाने फणफणलेला, दम लागलेला, दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. काचपट्टीवर भरपूर कडी, पाणथरी दोन बोटे, ऑक्सिजन ८६. शुद्धीवर होता, प्रश्नांची उत्तरे नीट देत होता, मात्र एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावे लागे. आर्टेसुनेट सुरू केले. प्रश्न डेक्सामेथासोनचा होता. जून २०२० मध्ये इंग्लंडातल्या त्याच मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते, की ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोनाच्या रुग्णाला रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू कमी होतात. आणि १९८२ साली थायलंडमधल्या अभ्यासाने दाखवले होते, की मेंदूच्या हिवतापात तेच औषध दिल्याने बेशुद्धी लांबते, न्यूमोनिया आणि आतड्यांतला रक्तस्राव यांसारखे उपद्रव वाढतात. जे एका रोगात तारते ते दुसऱ्यात मारू शकते, आणि ते दोन्ही रोग माझ्यासमोर एकाच माणसाच्या अंगात होते.

वरिष्ठांचा सल्ला घ्यावा म्हणून मी केंद्राच्या गच्चीवर गेलो, कारण फोनला तेथेच आवाज येई. जिल्ह्याच्या ठिकाणच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले: शुद्ध कशी आहे आणि साखर किती आहे. मी उत्तर दिले आणि तेवढ्यात पावसाने संपर्क तुटला. त्या दोन प्रश्नांतच त्यांचे उत्तर होते असे मला तेव्हा वाटले. रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे, म्हणजे हिवताप मेंदूपर्यंत गेलेला नाही. ऑक्सिजन खाली आहे आणि छातीच्या दोन्ही तळांना घरघर आहे, म्हणजे फुप्फुसांचे दुखणे आज प्राणावर बेतलेले आहे. मी आर्टेसुनेटचा दुसरा डोस देऊन, त्याच्या पाठोपाठ डेक्सामेथासोन दिले. सलाईन थेंबाथेंबाने, कारण या दोन्ही रोगांत शिरेतून पाणी सढळ हाताने सोडले तर ते फुप्फुसांत उतरते. आणि दर तासाला त्याचे नाव, गाव, वार विचारण्याचे काम परिचारिकेला दिले. पहाटे चारला तिने वार विचारला तेव्हा त्याने चुकीचा सांगितला आणि माझ्या काळजात धस्स झाले. मग त्यानेच थांबून, दम घेऊन, आता बारा वाजून गेले म्हणजे बुधवार लागला, अशी दुरुस्ती केली. तिसऱ्या दिवशी काचपट्टी स्वच्छ झाली. ऑक्सिजन काढायला नऊ दिवस लागले. डेक्सामेथासोनने त्याला तारले, की आर्टेसुनेटने, की त्याच्या धडधाकट देहाने, हे मी सांगू शकत नाही आणि सांगण्याचा अधिकारही एका रुग्णावरून कोणाला प्राप्त होत नाही.

मुलीच्या प्रसंगानंतर आमच्या केंद्रात एक बदल झाला होता तो सांगायचा राहिला. बाह्यरुग्णांच्या नोंदवहीत छापील रकाने होते: अनुक्रमांक, नाव, वय, गाव, लक्षण, तपासणी, उपचार. साथीसाठी आलेल्या नव्या नोंदवहीत तर नाव आणि नमुन्याचा निकाल एवढेच मुख्य होते. मी फूटपट्टी घेऊन तांबड्या पेन्सिलीने प्रत्येक पानावर एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिले: पाणथरी. त्या रकान्यात आकडा भरल्याशिवाय, मग तो शून्य का असेना, मी कोणत्याही तापकऱ्याच्या नोंदीखाली सही करीत नसे. प्लास्टिकच्या पोशाखातून आणि दुहेरी हातमोज्यांतूनही कड बोटांना लागते, थोडा वेळ अधिक द्यावा लागतो इतकेच. काही सहकाऱ्यांना हा धोका अनाठायी वाटला आणि त्यांच्या भीतीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. आमच्यापैकी दोघांना त्या वर्षात कोरोना झाला. पण सूक्ष्मदर्शकावरचे कापड त्या दिवसापासून काढले ते पुन्हा घातले नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, पहिली लाट ओसरून दुसरी यायची होती त्या मधल्या काळात, मी त्या मुलीच्या गावी गेलो. वाटेतली आडवी झाडे हटवलेली होती. मोहाला फुले यायला अजून अवकाश होता. अंगणात बाजेवर तिला निजवले. आशाताई डोक्याशी आणि आई पायथ्याशी बसली. माझ्या अंगात पोशाख नव्हता, फक्त तोंडावर मास्क होता आणि हात साबणाने धुतलेले होते. मी आशाताईंमार्फत आईला विचारले, पोट पाहू का. तिने मान हलवली. मी हात खालून वर सरकवत नेला, मुलीने श्वास घेतला आणि बरगडीच्या अगदी काठाशी कड लागली. आईने न बोलता माझ्या मागोमाग स्वतःचा हात त्याच जागी ठेवला, बराच वेळ चाचपले आणि आशाताईंकडे पाहून बोट एकच वर केले. माझेही माप तेच होते. नोंदवही मी सोबत नेली होती. मांडीवर उघडून, तिच्या नावापुढे, तांबड्या रेघेच्या रकान्यात मी लिहिले: एक बोट.